खडूची एक खूण आणि दहा हजार डॉलर: गोष्टीतला जादूगार प्रत्यक्षात कोण होता?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी एक गोष्ट तुम्हीही कधीतरी वाचली असेल. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातला एक अजस्र जनरेटर बिघडतो. तिथल्या इंजिनिअर मंडळींना काही केल्या दोष सापडत नाही. मग बाहेरून एका बुटक्या, पाठीला कुबड असलेल्या तज्ज्ञाला बोलावलं जातं. तो दोन दिवस मशीनजवळ बसतो, वहीत आकडेमोड करतो आणि शेवटी शिडीवर चढून मशीनवर खडूने एक खूण करतो. खुणेच्या जागची तार बदलली जाते आणि मशीन सुरू होतं. बिल येतं १०,००० डॉलरचं. फोर्ड तपशील मागतात, तेव्हा उत्तर मिळतं की खूण करण्याचा १ डॉलर आणि खूण कुठे करायची हे माहीत असण्याचे ९,९९९ डॉलर.

गोष्ट झकास आहे. पण ती छापून येऊन गाजली १९६५ मध्ये, ‘लाइफ’ मासिकातल्या एका वाचकाच्या पत्रातून. तोपर्यंत तिच्या नायकाला जाऊन ४० वर्षं उलटली होती. असाच किस्सा जहाजाचं इंजिन हातोड्याच्या एका ठोक्याने दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या नावावरही सांगितला जातो.

गोष्टीतला तो तज्ज्ञ मात्र खराखुरा होता. त्यांचं नाव चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ. आणि गंमत म्हणजे खडूची गोष्ट त्यांच्या आयुष्यातल्या खऱ्या कामाच्या नेमकी उलट आहे. आपल्यालाच ठाऊक असलेलं गुपित महाग विकणारा माणूस ही त्यांची ओळख नव्हती. एरवी मूठभर लोकांनाच जमणारं विजेचं गणित त्यांनी सर्वसाधारण इंजिनिअरला जमेल असं करून दिलं, आणि मग ते शिकवण्यात उरलेलं आयुष्य घालवलं.

ब्रेस्लाउचा कार्ल

९ एप्रिल १८६५ रोजी प्रशियातल्या ब्रेस्लाउ शहरात त्यांचा जन्म झाला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव व्रोत्सवाफ आहे. घरच्यांनी नाव ठेवलं कार्ल. वडील रेल्वेत लिथोग्राफर म्हणून नोकरीला होते. कार्ल तान्हा असतानाच आई गेली आणि आजीने त्याला वाढवलं.

कार्लची उंची खुंटलेली राहिली. पाठीला कुबड होतं आणि कमरेच्या सांध्यात जन्मजात दोष होता. हा वारसा वडील आणि आजोबांकडून आला होता. पण पोरगा गणितात तल्लख निघाला. १८८३ मध्ये तो ब्रेस्लाउ विद्यापीठात दाखल झाला. तिथल्या गणित मंडळातल्या मित्रांनी त्याला प्रोटियस हे टोपणनाव दिलं. प्रोटियस म्हणजे ग्रीक पुराणातला, हवं ते रूप घेणारा आणि सगळं जाणणारा समुद्रदेव.

त्याच काळात तो समाजवादी विद्यार्थ्यांच्या गटात ओढला गेला. जर्मनीत तेव्हा बिस्मार्कचे समाजवाद्यांविरुद्धचे कडक कायदे लागू होते. कार्ल चळवळीच्या वर्तमानपत्रासाठी काम करू लागला आणि पोलिसांच्या नजरेत आला. १८८८ मध्ये अटक होणार अशी चिन्हं दिसू लागली. डॉक्टरेटचा प्रबंध जवळपास पूर्ण झाला होता. पदवी हातात पडायची तेवढी बाकी होती. ती तशीच सोडून कार्ल निसटला आणि स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला पोहोचला. घर सुटलं ते कायमचं.

बंदरावरूनच परत पाठवणी?

झुरिकमध्ये त्याने काही काळ पॉलिटेक्निकमध्ये शिक्षण घेतलं. तिथे ऑस्कर आस्मुसेन नावाचा मित्र भेटला. तो अमेरिकेला निघाला होता, त्याने कार्ललाही बरोबर घेतलं. १ जून १८८९ रोजी दोघं न्यूयॉर्कला उतरले.

तेव्हा तिथे येणाऱ्यांची तपासणी कॅसल गार्डन या ठाण्यावर होत असे. १८८२ च्या कायद्यानुसार, जो स्वतःचं पोट भरू शकणार नाही आणि सरकारवर भार होईल, अशा माणसाला अधिकारी परत पाठवू शकत होते. समोर उभा होता एक कुबड असलेला, खिशात पैसे नसलेला, इंग्रजी जेमतेम येणारा तरुण. अधिकाऱ्यांनी त्याला अडवलं. आस्मुसेनने मध्ये पडून आपल्याकडचे पैसे दोघांचे आहेत असं सांगितलं आणि याची जबाबदारी माझी असा शब्द दिला. तेव्हा कुठे कार्लला आत सोडण्यात आलं. पुढे अमेरिकेच्या वीज उद्योगाचा पाया पक्का करणारा माणूस त्या दिवशी एका मित्राच्या शब्दावर आत आला होता.

काही दिवसांतच न्यूयॉर्कजवळच्या योंकर्समध्ये रुडॉल्फ आयकेमायर यांच्या कारखान्यात नोकरी मिळाली. आयकेमायर स्वतःही एकेकाळी जर्मनीतून राजकीय कारणाने बाहेर पडलेले. काम ड्राफ्ट्समनचं, पगार आठवड्याला १२ डॉलर. नव्या देशात कार्लचा चार्ल्स झाला आणि विद्यार्थीदशेतलं टोपणनाव अधिकृत होऊन चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ हे नाव कागदावर आलं.

लोखंड का तापतं?

तो काळ विजेच्या दोन पद्धतींच्या स्पर्धेचा होता. एक डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. दुसरी एसी, म्हणजे सेकंदाला कित्येकदा दिशा बदलणारी वीज. एसीचा फायदा मोठा होता. ट्रान्सफॉर्मर वापरून तिचा दाब वाढवता येतो आणि लांबवर कमी नुकसानीत नेता येतो. पण एसीची यंत्रं बनवणं म्हणजे बरंचसं अंदाजपंचे काम होतं. मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर आधी बनवायचा, मग चालवून पाहायचा आणि फार तापला तर पुन्हा नवा बनवायचा.

तापण्याचं एक मोठं कारण यंत्रातल्या लोखंडात असतं. आपल्या गल्लीतल्या डीपीच्या ट्रान्सफॉर्मरचं उदाहरण घ्या. त्याच्या गाभ्यातलं लोखंड सेकंदाला ५० वेळा एका दिशेने चुंबक होतं आणि ५० वेळा उलट्या दिशेने. लोखंड मात्र हट्टी असतं. आधीचं चुंबकत्व ते चटकन सोडत नाही, दर वेळी मागे रेंगाळतं. या रेंगाळण्याला हिस्टेरेसिस म्हणतात. त्यावर मात करण्यात थोडी वीज खर्च होते आणि तिची उष्णता होते.

ही हानी नेमकी किती होणार, हे यंत्र बनवण्याआधी सांगता येत नव्हतं. स्टाइनमेट्झ यांनी आधी इतरांनी प्रसिद्ध केलेली मोजमापं तपासली, मग आयकेमायर यांच्या कारखान्यात स्वतः वेगवेगळ्या प्रकारच्या लोखंडावर मोजमापं घेतली. त्या आकड्यांतून एक नियम बाहेर पडला. चुंबकीय घनतेच्या १.६ व्या घातानुसार हानी वाढते. म्हणजे घनता दुप्पट केली तर हानी दुप्पट होत नाही, चौपटही होत नाही, साधारण तिप्पट होते. प्रत्येक प्रकारच्या लोखंडासाठी एक ठरावीक आकडा वापरायचा आणि हानी कागदावरच काढायची.

जानेवारी १८९२ मध्ये त्यांनी हे संशोधन अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्स या संस्थेच्या सभेत मांडलं. तेव्हा त्यांचं वय होतं २६. अमेरिकेत येऊन तीन वर्षंही पूर्ण झाली नव्हती. सभेला बसलेल्या इंजिनिअर लोकांना हा नियम आपल्या किती कामाचा आहे ते लगेच कळलं आणि स्टाइनमेट्झ हे नाव त्या वर्तुळात सगळीकडे झालं.

ढोल, लय आणि उणे एकचं वर्गमूळ

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८९३ मध्ये, शिकागोत आंतरराष्ट्रीय विद्युत परिषद भरली. त्याच वेळी शहरात जागतिक प्रदर्शन सुरू होतं आणि ते एसी विजेवरच्या दिव्यांनी उजळलं होतं. या परिषदेत स्टाइनमेट्झ यांनी आपलं सर्वांत मोठं काम मांडलं.

अडचण काय होती, ते आधी पाहू. डीसीचा हिशेब सोपा. विजेचा दाब भागिले तारेचा रोध, की झाला प्रवाह. एसीमध्ये दाब आणि प्रवाह दोन्ही लाटांसारखे वरखाली होतात, आणि वाटेत तारेची गुंडाळी असेल तर प्रवाहाची लाट दाबाच्या मागे पडते. मिरवणुकीतले दोन ढोल आठवा. लय एकच आहे, पण एकाचा ठोका दुसऱ्याच्या किंचित नंतर पडतोय. अशा दोन ठोक्यांची बेरीज करायची तर ठोका किती जोराचा, हे सांगून भागत नाही. तो किती मागे आहे, हेही सांगावं लागतं. विजेच्या जाळ्यात अशा कित्येक लाटा एकमेकींत मिसळतात. प्रत्येकीसाठी कलनशास्त्राची लांबलचक समीकरणं सोडवणं हे काम फार थोड्या लोकांना जमत होतं.

स्टाइनमेट्झ यांनी गणितातली एक जुनी वस्तू बाहेर काढली. ती म्हणजे संमिश्र संख्या. या संख्येत दोन भाग असतात, एक साधा आणि दुसरा उणे एकच्या वर्गमूळाला जोडलेला. बारावीत शिकताना हे नेमकं कशासाठी, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचं एक चोख उत्तर इथे आहे. लाट किती मोठी आणि किती मागे, या दोन्ही गोष्टी अशा एकाच संख्येत मावतात. मग समीकरणं सोडवायची गरज उरत नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढंच येऊ द्या.

एक छोटं उदाहरण. एका वायरिंगमध्ये ३ ओहमचा रोध आहे आणि गुंडाळीमुळे येणारा ४ ओहमचा अडथळा आहे. दोन्हींची बेरीज ७ होत नाही, कारण दोन्ही काटकोनात धरावे लागतात. पायथागोरसच्या नियमाने एकूण अडथळा ५ ओहम येतो. १०० व्होल्टचा दाब दिला की २० अँपिअर प्रवाह मिळतो आणि तो दाबाच्या सुमारे ५३ अंश मागे असतो. झालं गणित. पाच मिनिटांचंही काम नाही.

या विचारात ते एकटे नव्हते. आर्थर केनेली या इंजिनिअरनेही त्याच १८९३ मध्ये एसीच्या एकूण अडथळ्यासाठी संमिश्र संख्या वापरण्याची मांडणी केली होती. पण हे सूत्र संपूर्ण यंत्रशास्त्राला लावून, मोटर, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर, लांब वाहिन्या अशा एकेका गोष्टीचा हिशेब करून दाखवण्याचं काम स्टाइनमेट्झ यांनी केलं.

आणि कुणालाच ते कळेना

इथे एक मोठी गोची झाली. गणित सोपं करण्यासाठी वापरलेलं गणितच बहुतेकांना अनोळखी होतं. तेव्हाच्या बऱ्याच इंजिनिअर मंडळींनी संमिश्र संख्या कधी शिकलेल्याच नव्हत्या. उणे एकचं वर्गमूळ आणि वीज यांचा संबंध त्यांच्या पचनी पडेना.

एखादा तज्ज्ञ इथे लोकांना दोष देऊन गप्प बसला असता. आपली पद्धत आपल्यापुरती ठेवून मोठा सल्लागार म्हणून मिरवणंही सोपं होतं. स्टाइनमेट्झ लिहायला बसले. १८९७ मध्ये अर्न्स्ट बर्ग यांच्या मदतीने त्यांनी एसीच्या गणितावर एक मोठा ग्रंथ काढला. तोही अनेकांना जड गेला. मग १९०१ मध्ये विद्युत अभियांत्रिकीच्या मूलतत्त्वांवर त्यांचं पुस्तक आलं, आणि १९११ मध्ये इंजिनिअरला लागणाऱ्या गणितावर आणखी एक. लोकांना कळत नाही, तर एक पायरी खाली उतरून पुन्हा समजावायचं, असा हा उद्योग होता.

त्याचं फळ लांबून आलं. स्वीडनमधल्या अर्न्स्ट अलेक्झांडरसन या तरुण इंजिनिअरने त्यांचं पुस्तक वाचलं आणि त्या ओढीने तो अमेरिकेला आला. रेडिओच्या सुरुवातीच्या काळात समुद्रापार संदेश पाठवणारी मशीनं बनवली ती याच अलेक्झांडरसन यांनी.

कंपनीत, वर्गात आणि संस्थेत

दरम्यान जनरल इलेक्ट्रिक या नव्या कंपनीने आयकेमायर यांचा कारखाना विकत घेतला आणि स्टाइनमेट्झही कंपनीकडे आले. १८९४ पासून त्यांचा मुक्काम न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी होता, तो अखेरपर्यंत. कंपनीने १९०० मध्ये संशोधनासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा काढली. तिचा आग्रह धरणाऱ्यांत स्टाइनमेट्झ पुढे होते, आणि तिची सुरुवात झाली ती त्यांच्याच घरामागच्या कोठारात. अमेरिकेतल्या पहिल्या औद्योगिक संशोधन प्रयोगशाळांपैकी ही एक.

१९०१ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या त्याच संस्थेने स्टाइनमेट्झ यांना अध्यक्ष निवडलं. बारा वर्षांपूर्वी ज्याला भार होईल म्हणून बंदरावर अडवलं होतं, तो माणूस ३६ व्या वर्षी देशातल्या विद्युत अभियंत्यांचा प्रमुख झाला.

१९०२ मध्ये हार्वर्डने त्यांना मानद पदवी दिली. त्याच वर्षी स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजने विद्युत अभियांत्रिकी विभाग त्यांच्या हाती सोपवला, आणि पुढच्या वर्षी मानद डॉक्टरेटही दिली. ब्रेस्लाउत अर्धवट सुटलेली पदवी अशी पंधरा वर्षांनी दुसऱ्या खंडात मिळाली. १९१३ पर्यंत ते विभागप्रमुख होते आणि नंतरही प्राध्यापक म्हणून कॉलेजशी जोडलेले राहिले. कंपनीचं काम आणि कॉलेजचे वर्ग दोन्ही बरोबरीने चालू होते. इंजिनिअरला फक्त यंत्रं शिकवून चालणार नाही, त्याने भाषा आणि साहित्यही शिकलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे.

इंजिनिअरने कसं वागावं याची नियमावली बनवण्यातही त्यांचा हात होता. १९०६ मध्ये संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष स्कायलर व्हीलर यांनी हा विषय काढला आणि मसुद्याच्या कामात स्टाइनमेट्झ सहभागी झाले. चर्चा होत होत १९१२ मध्ये नियमावली मंजूर झाली. तिच्यात ग्राहकाच्या किंवा मालकाच्या हिताचं रक्षण हे इंजिनिअरचं पहिलं व्यावसायिक कर्तव्य मानलं होतं. आजच्या नियमावल्यांत लोकांची सुरक्षितता सगळ्यात वर असते. तेव्हाचे बहुतेक इंजिनिअर कंपन्यांचे नोकर होते, हे त्या ओळीत स्वच्छ दिसतं.

समाजवादी, पण कंपनीचा माणूस

हा विरोधाभास खुद्द स्टाइनमेट्झ यांच्या आयुष्यातही होता. समाजवादासाठी देश सोडलेला माणूस अमेरिकेतल्या एका बलाढ्य कंपनीत आयुष्यभर राहिला. त्यांच्या नावावर २०० च्या आसपास पेटंट झाली. ते स्वतः याकडे वेगळ्या नजरेने पाहत. मोठ्या कंपन्या उत्पादन नीट आखून करतात, आणि अशी शिस्त उद्या सगळ्या समाजाच्या कामी येईल, अशी मांडणी त्यांनी १९१६ च्या एका पुस्तकात केली. ही आशा त्यांच्या समाजवादी मित्रांनाही भाबडी वाटू शकेल अशी होती. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला त्यांनी जर्मनीकडे कल दाखवला, त्याबद्दल टीकाही झाली. आणि १९२२ मध्ये लेनिनना पत्र लिहून रशियाच्या विद्युतीकरणासाठी मदत देऊ केली, तेव्हा लेनिन यांनी उत्तर पाठवलं.

त्यांचा समाजवाद गावात मात्र अगदी साध्या कामांतून दिसला. १९११ च्या निवडणुकीत स्केनेक्टडीला समाजवादी महापौर मिळाला आणि स्टाइनमेट्झ यांच्याकडे शिक्षण मंडळ आलं. ते मंडळाचे अध्यक्ष झाले. शाळेत मुलांना बसायला जागा पुरत नव्हती, म्हणून नव्या इमारती. परदेशातून आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठी वेगळे वर्ग. शिकण्यात मागे पडणाऱ्या मुलांसाठी खास वर्ग. कॅसल गार्डनवर तुटक्या इंग्रजीत उभा राहिलेला माणूस या मुलांची अडचण कुणी समजावल्याशिवायही जाणत होता.

घर भरलं

आपलं शारीरिक व्यंग पुढच्या पिढीत उतरेल या भीतीने त्यांनी लग्न केलं नाही. मोठं घर बांधलं, निवडुंग आणि ऑर्किडसाठी काचघर उभारलं, मगरीही पाळल्या, पण घर रिकामंच होतं. जोसेफ हेडन हे प्रयोगशाळेतले त्यांचे तरुण सहकारी. हेडन यांचं लग्न झाल्यावर स्टाइनमेट्झ यांनी नवराबायकोला आपल्याच घरी राहायला बोलावलं. पुढे त्यांनी हेडन यांना कायदेशीररीत्या दत्तक घेतलं. हेडन दांपत्याला तीन मुलं झाली आणि स्टाइनमेट्झ आजोबा झाले.

उन्हाळ्यात ते गावाबाहेरच्या ओढ्याकाठी बांधलेल्या लाकडी झोपडीत राहत. नावेवर आडवी फळी टाकायची, तिच्यावर कागद ठेवायचे आणि पाण्यात तरंगत गणितं करत बसायचं, हा त्यांचा आवडता कार्यक्रम. सोबत सिगार असायचीच.

विजांचा जादूगार

१९२० मध्ये याच झोपडीवर आकाशातली वीज कोसळली. आतला आरसा फुटून तुकडे विखुरले. स्टाइनमेट्झ यांनी ते गोळा केले आणि जिथल्या तिथे जुळवून दोन काचांमध्ये बसवले. वीज कोणत्या वाटेने गेली, ते त्यांना पाहायचं होतं.

वीज कोसळली की लांब वाहिन्या आणि त्यांच्यावरची यंत्रं जळायची. त्यावर उपाय शोधायचा तर हवी तेव्हा वीज पाडता आली पाहिजे. १९२२ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम वीज पाडणारं यंत्र उभं केलं. १ लाखाहून अधिक व्होल्टचा दाब, १०,००० अँपिअरचा प्रवाह आणि सगळा खेळ सेकंदाच्या एक लाखाव्या भागात संपलेला. लाकडाचे ओंडके त्यात फुटून जायचे. एडिसन हा प्रयोग पाहायला आले. वर्तमानपत्रांनी स्टाइनमेट्झ यांना जादूगार करून टाकलं. यंत्राचा खरा उपयोग मात्र वाहिन्यांचं विजेपासून रक्षण करणारी उपकरणं तपासण्याचा होता, पण ती बातमी कोण वाचणार?

१९२३ च्या शरद ऋतूत ते कुटुंबाबरोबर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा लांबचा दौरा करून परतले. प्रवासाने थकले होते. २६ ऑक्टोबरच्या सकाळी घरीच हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. वय होतं ५८.

काय उरलं?

त्यांची संस्था पुढे १९६३ मध्ये दुसऱ्या एका संस्थेत मिळून आयईईई झाली. आज ती विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातल्या अभियंत्यांची जगातली सर्वांत मोठी संघटना आहे. तिचा एक पुरस्कार स्टाइनमेट्झ यांच्या नावाने दिला जातो.

पण त्यांचं खरं स्मारक आणखी जवळ आहे. पॉलिटेक्निकच्या वर्गात आज कुठलीही मुलगी वहीत ३, ४ आणि ५ चा काटकोन काढते, भागाकार करते आणि प्रवाह किती मागे पडला ते सांगते. तिला त्यात काही विशेष वाटत नाही. उत्तर बरोबर आलं की ती पुढच्या गणिताकडे वळते. स्टाइनमेट्झ हे नाव तिने ऐकलेलंही नसेल. खडूची खूण कुठे करायची हे एकट्यालाच माहीत असतं, तर ते नाव प्रत्येक बिलावर दिसलं असतं. सगळ्यांना माहीत झालं, म्हणून ते वहीच्या पानात विरघळून गेलं.